पाऊलखुणा आणि खराटा

पावसाळा संपता संपता आमच्या महाविद्यालयात एका चित्रकाराचे व्याख्यान झाले. विषय होता 'मोकळ्या आभाळाखालची कला'. त्यांनी पडद्यावर जपानमधल्या डोंगराळ खेड्यांची छायाचित्रे दाखविली. भातखाचरांच्या उतरत्या पायऱ्या, त्या खाचरांत उभ्या केलेल्या निळ्या-पिवळ्या माणसांच्या आकृती, ओस पडलेल्या शाळेत मिणमिणणारे दिवे, आणि या सर्वांना जोडत जाणारी पायवाट. हातात नकाशा घेतलेली शहरी माणसे त्या वाटेने चालत होती. शेवटी वक्त्यांनी सूचना केली की पनवेलच्या आसपासही अशी 'कला-पायवाट' व्हायला हवी. कर्नाळा आहे, प्रबळगड आहे, माथेरानचा डोंगर आहे, ठाकरांच्या-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. आपल्याला निसर्गाने काय कमी दिले आहे? सभागृहाने टाळ्या वाजविल्या. मागच्या बाकावरून माझा एक विद्यार्थी उभा राहिला. तो धोदाणीकडच्या एका वाडीतून येतो. त्याने विचारले, "सर, त्या वाटेने चालणार कोण?" वक्ते हसले आणि म्हणाले, "सगळेच! वाट काय, सर्वांचीच असते."

हे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारता येणे हीच मुळात एक सामाजिक सवलत आहे. ज्यांच्या वाडवडिलांना वाटेने कोणी कधी अडविले नाही, त्यांनाच वाट ही निसर्गाने दिलेली वस्तू वाटू शकते. आपल्याला ती तशी वाटत नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेदाचे निर्मूलन' या आपल्या न झालेल्या भाषणात पेशवाईतल्या पुण्याची आठवण करून दिली आहे. अस्पृश्याने कमरेला झाडू बांधून चालावे, म्हणजे त्याच्या पावलांची माती मागच्या मागे झाडली जाईल. गळ्यात मडके बांधावे, म्हणजे त्याची थुंकी वाटेवर पडणार नाही. आपल्या सभांतून हे इतक्या वेळा सांगितले गेले आहे की सांगणाऱ्यालाही आता त्यातले चित्र दिसेनासे झाले आहे. ते चित्र एकदा नीट पाहावे. एक माणूस चालतो आहे, आणि चालता चालताच आपण चाललो याचा पुरावा स्वतःच्या हाताने, नव्हे स्वतःच्या कमरेने, पुसतो आहे.

आता दुसरे चित्र. १९६७ साली रिचर्ड लाँग नावाचा बावीस वर्षांचा इंग्रज विद्यार्थी लंडनहून आगगाडीने बाहेर पडला, एका गवताळ रानात उतरला आणि एकाच सरळ रेषेत पुन्हा पुन्हा पुढे-मागे चालत राहिला. गवत दबले. उन्हात त्या दबलेल्या गवताची एक रेघ दिसू लागली. त्याने तिचे छायाचित्र घेतले आणि त्याला 'चालण्याने झालेली एक रेघ' असे साधे नाव दिले. विसाव्या शतकाच्या कलेतिहासात हे छायाचित्र फार मोठे मानले जाते. माणसाचे नुसते चालणे, त्याच्या पावलाचा नुसता ठसा ही कला होऊ शकते, दगड-माती-गवत हेच कलेचे साधन होऊ शकते, हा विचार तेथून दृढ झाला. पुढे लाँग जगभर चालले. जपानच्या नाओशिमा बेटावर १९९७ साली त्यांनी समुद्राने किनाऱ्यावर टाकलेल्या लाकडांचे वर्तुळ मांडले. २००३ साली ते आपल्या वारली मुलुखातही चालून गेले. त्याकडे पुढे यायचे आहे.

या दोन चित्रांपैकी एकाला कला म्हणतात आणि दुसऱ्याला इतिहासातला एक अप्रिय तपशील. एका इंग्रज चित्रकाराला पेशवाईचा जाब विचारण्यात काय अर्थ, असे कोणी म्हणेल. तो मी विचारीत नाही. लाँग यांची रेघ मला आवडते, तिच्यात बडेजाव नाही. जाब आहे तो आपल्या कलासमीक्षेला. पाऊल ही कला आहे हा विचार तिने परदेशातून आणला, त्याचे कौतुक केले. पण ज्या भूमीत तो आणला तेथे पाऊल हे शतकानुशतके गुन्हा होते, एवढी साधी गोष्ट तिला त्या कौतुकाच्या शेजारी ठेवावीशी वाटली नाही. पाऊल उमटविण्याचा हक्क ज्याला आहे त्यालाच पाऊल ही कला करता येते. सौंदर्यशास्त्र येथूनच सुरू व्हायला हवे, आणि आपल्याकडे ते नेमके येथेच थांबते.

चालण्याची आमची परंपरा काही लहान नाही. माझे आजोबा तराळकीच्या पाळीत उभा जन्म चालले. सरकारी टपाल पोचविणे, साहेबाच्या घोड्यापुढे वाट दाखवीत पळणे, सारा पोचता करणाऱ्यांबरोबर जाणे, आणि गावात कोणी मेले की त्याच्या सोयऱ्यांच्या गावी सांगावा नेणे. रात्री-अपरात्री, पावसात, नदीला पूर असताना. घरी आजी सांगत असे की मर्तिकाचा सांगावा घेऊन गेलेल्या आजोबांना त्या गावात पडवीच्या बाहेर उभे राहूनच तो सांगावा लागे, आणि घरात रडारड सुरू झाली की त्यांच्याकडे भाकरीचा तुकडा टाकण्याचेही कोणाला सुचत नसे. ते तसेच उलट पावली परत येत. जिल्ह्यातल्या कितीतरी आडवाटा आजोबांना पाठ होत्या. दऱ्या, खिंडी, धबधबे सर्व त्यांनी पाहिले होते; पण त्यांच्या तोंडून निसर्गाचे वर्णन असे घरात कोणी कधी ऐकले नाही. ते वाटेविषयी बोलत तेव्हा पाणी कोठे प्यायला मिळते आणि कोठे मिळत नाही एवढेच सांगत. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली, आणि महारकीही गेली. त्यानंतर आजोबा फारसे चालले नाहीत. चालण्यात काही आनंद असतो ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचायला उशीर झाला.

शंकरराव खरातांनी आपल्या आत्मकथेला 'तराळ-अंतराळ' हे नाव दिले तेव्हा या चालण्याचे सगळे अंतर त्या दोन शब्दांत मावले. मराठीतल्या प्रवासवर्णनांच्या याद्या निघतात त्यांत मात्र आमच्या तराळाचा प्रवास येत नाही. घाटातून धुके पाहत गेलेला तो प्रवासी, आणि त्याच घाटातून त्याची वळकटी डोक्यावर घेऊन गेलेला तो हमाल, ही वाटणी मराठी अभिरुचीने जशीच्या तशी ठेवली आहे.

आणि तरीही आमच्या चालण्याने एक रेघ उमटली. २० मार्च १९२७ ला महाडला परिषदेच्या मांडवातून निघून हजारो माणसे रांगेने चवदार तळ्यापर्यंत चालत गेली. बोले यांचा ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव १९२४ चा. पण कागदावर उघडलेली वाट पायांनी चालल्याशिवाय उघडत नाही हे बाबासाहेबांना ठाऊक होते. त्याच वर्षी डिसेंबरात ते व त्यांचे सहकारी बोटीने दासगावच्या बंदरात उतरले आणि तेथून महाडपर्यंत पायी गेले. मुंबईहून महाडला जाणारा जमिनीवरचा रस्ता आमच्या पनवेलवरून जातो. येथे बाबासाहेबांना पाणी मिळाले नाही आणि म्हणून पुढे रोज पाण्याचे मडके घेऊन त्यांची वाट पाहत बसणाऱ्या सोनबा येलवे यांची कथा आपल्या गायकांनी घरोघर पोचविली आहे. पनवेलची 'कला-पायवाट' आखायची म्हणणाऱ्याने आधी हे मडके कोठे ठेवणार ते सांगावे.

आता जपानकडे वळू. मी जपान पाहिलेला नाही. पुस्तके, छायाचित्रे आणि त्यांविषयीचे लेखन एवढ्यावर माझे मत आधारलेले आहे. ज्या प्रकल्पाची छायाचित्रे आम्हांला दाखविली गेली तो निइगाता प्रांतातला एचिगो-त्सुमारी हा होय. तोकामाची शहर आणि त्सुनान गाव मिळून सुमारे ७६० चौरस किलोमीटरचा हा डोंगराळ मुलूख आहे. हिवाळ्यात येथे दोन-तीन मीटर बर्फ साचते. तरुण शहरात गेले, म्हातारे मागे राहिले, खाचरे पडीक पडू लागली. २००० साली तेथे पहिला त्रैवार्षिक कलामहोत्सव भरला. साथीच्या रोगामुळे २०२१ चा महोत्सव २०२२ वर गेला, त्यानंतर २०२४ मध्ये पुढचा झाला. कलाकृती एका इमारतीत गोळा न करता त्या खेडोपाडी, शेतांत, जंगलात, रिकाम्या घरांत विखरून ठेवावयाच्या. पाहणाऱ्याने त्यांच्यापर्यंत चालत, धापा टाकत, वाट चुकत जावे, असा हा घाट आहे.

या महोत्सवाचे सूत्रधार फ्राम कितागावा यांच्याविषयी एक गोष्ट आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावी. या कामाआधी, १९८८ पासून, त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्धच्या चित्रांचे प्रदर्शन जपानभर १९४ ठिकाणी फिरविले होते. आमच्या वक्त्यांनी कितागावांचे नाव तीनदा घेतले, हे एकदाही सांगितले नाही. सुंदर ते घ्यायचे आणि त्याच्यामागची भूमिका सीमाशुल्काच्या नाक्यावरच उतरवून ठेवायची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. हायकूचेही असेच झाले. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजविला, त्याबद्दल त्यांचे ऋण आहेच. बाशो १६८९ साली उत्तरेच्या अरुंद वाटेने पायी गेला, हेही आपल्या रसिकांना ठाऊक झाले. बेडूक आला, तळे आले, चंद्र आला. पण त्याच जपानमध्ये चांभारकाम, खाटीककाम, मेलेली ढोरे ओढण्याचे काम करणाऱ्यांची वेगळी वस्ती असे, १८७१ च्या फर्मानाने कागदोपत्री मुक्त झाल्यावरही त्यांना लग्नात आणि नोकरीत बाहेरच ठेवले जाई, आणि ३ मार्च १९२२ ला, म्हणजे महाडच्या पाच वर्षे आधी, त्या बुराकू लोकांनी क्योतोमध्ये 'सुइहेइशा' ही आपली संघटना उभी केली, हे मात्र तळ्याबरोबर आले नाही. आपल्याकडच्या सामान्य बौद्ध माणसाला जपान माहीत आहे ते नागपूरच्या भंते सुरई ससाईंमुळे, आणि महाबोधी विहाराच्या लढ्यामुळे. तोही जपानच आहे.

एचिगो-त्सुमारीतली सर्वांत गाजलेली कलाकृती म्हणजे सोव्हिएत भूमीतून आलेल्या इल्या आणि एमिलिया काबाकोव्ह यांची 'भातखाचरे'. मात्सुदाईच्या समोरच्या उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची खाचरे आहेत. त्यांत नांगरणारी, पेरणारी, लावणी करणारी, कापणी करणारी, भारे वाहून बाजारात नेणारी माणसे निळ्या-पिवळ्या सपाट आकृतींनी उभी केली आहेत. समोर एक सज्जा आहे. तेथे अधांतरी अक्षरांच्या ओळी टांगल्या आहेत, शेतकामाचे वर्णन करणाऱ्या. सज्जावर ठराविक जागी उभे राहिले की अक्षरे आणि आकृती एकावर एक बसतात आणि संपूर्ण उतार हे चित्रांच्या पुस्तकाचे एक पान होऊन जाते.

ही कलाकृती थोर आहे यात मला शंका नाही. भूदृश्य म्हणून जे आपण पाहतो ते कोणाच्या तरी कमरेच्या दुखण्यातून झालेले असते, हे ती एका नजरेत सांगते. आपल्या निसर्गकवितेला शंभर वर्षांत जे सुचले नाही ते येथे एका खाचरात उभे आहे. कोकणातल्या भातशेतीचे वर्णन मराठीत किती वेळा आले! हिरवे गालिचे आले, शालू आले, पाचू आले. राब भाजताना डोळ्यांत जाणारा धूर आला नाही, आवण काढताना पाण्यात कुजलेली बोटे आली नाहीत. आणि ज्याची बोटे कुजली त्याला त्या भातातले किती मिळाले, हा हिशोब तर कवितेच्या हद्दीबाहेरचाच. काबाकोव्ह यांनी निदान माणूस शेतात परत आणून उभा केला.

पण माझा विरोध त्या सज्जाला आहे. अक्षर आणि माणूस यांचा मेळ फक्त तेथूनच बसतो. खाचरात उतरलेल्या शेतकऱ्याला वर पाहिले तर काय दिसते? स्वतःच्या शेजारी उभी असलेली एक रंगीत फळी. कामाचा अर्थ काम करणाऱ्याच्या जागेवरून वाचता येत नाही, तो पाहुण्याच्या जागेवरून वाचता येतो, अशी ही रचना आहे. कलावंतांनी ती मुद्दाम तशी केली असेल आणि तीत एक कडवट उपरोध असेल. असे मानायला मी तयार आहे. तरी आपल्या देशात ही रचना आली तर तिच्यातला उपरोध गळून पडेल आणि सज्जा तेवढा राहील, याची मला खात्री वाटते. आपल्याकडे सज्जे पूर्वीपासूनच तयार आहेत. माथेरानला तर त्यांना इंग्रजी नावेही आहेत.

याच कलाकृतीची दुसरी एक हकिकत मला अधिक महत्त्वाची वाटते. ज्याची ती खाचरे होती त्या शेतकऱ्याने सुरुवातीला जागा द्यायला नकार दिला होता. वाडवडिलांची जमीन आहे, तीत असले काही उभे करायचे नाही, असे त्याचे म्हणणे. वयामुळे त्याला शेतीही सोडायची होती. कलावंतांनी आपला विचार त्याच्यापुढे मांडला, मग त्याने होकार दिला. म्हणजे त्या भूदृश्यात 'नाही' म्हणू शकणारा एक माणूस होता, आणि त्याच्या 'नाही'ला किंमत होती. जमिनीची मालकी त्याच्याकडे होती म्हणून ती किंमत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये झालेल्या जमीनसुधारणेने कुळांना मालक केले, हे त्या निळ्या-पिवळ्या आकृतींच्या पायाखाली आहे. आपल्याकडे कोणाच्या पायाखाली काय आहे ते पाहावे. याच आपल्या पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे कुळांनी खोतांची शेते पिकविली नाहीत. उपाशी राहिले, लाकडे विकली, पण नांगर धरला नाही. त्यातूनच पुढे १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. सहा वर्षे पडीक राहिलेली ती खाचरे! मोकळ्या आभाळाखाली माणसांनी मिळून केलेली याहून मोठी रचना मला माहीत नाही. तिचे छायाचित्र कोणी घेतले नाही.

एचिगो-त्सुमारीतल्या पुष्कळशा कलाकृतींचा सूर शोकाचा आहे. ख्रिस्तियान बोल्तान्स्की आणि जाँ काल्माँ यांनी २००६ साली मात्सुनोयामातल्या बंद पडलेल्या शाळेत 'शेवटचा वर्ग' ही कलाकृती केली. अंधार, दिवे, पंख्यांचा वारा, हृदयाच्या ठोक्याचा आवाज. पाहणारे गलबलून जातात म्हणे. मी छायाचित्र पाहिले आणि मला वेगळेच काही वाटले. गाव मेल्याचे दुःख आपल्याला किती करता येते? ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी भारतीय खेड्याची जी संभावना केली ती आपल्याला ठाऊक आहे. गाव सोडा, शहराकडे चला, असे सांगणाऱ्याची आपण मुले. ज्या गावाने कुसाबाहेर ठेवले ते ओस पडले तर त्याच्या रिकाम्या चावडीत दिवे लावून रडावे, ही भावना उसनी आणता येत नाही. पण शाळेची गोष्ट निराळी. आमच्या वाड्यांवरच्या कमी पटाच्या शाळा बंद करण्याचे धोरण गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा पुढे आले. जपानी खेड्यात शाळा बंद पडली कारण शिकलेली मुले निघून गेली. कातकरी वाडीतली शाळा बंद पडते तेव्हा मुले वीटभट्टीवर गेलेली असतात. दोन्ही ठिकाणी रिकामे बाकच दिसतात. छायाचित्रात फरक कळत नाही. म्हणूनच समीक्षेचे काम छायाचित्रावर भागत नाही.

असे असले तरी जपानमधल्या या चळवळीत एक ठिकाण असे आहे की त्याच्यापुढे माझे सगळे आक्षेप गप्प बसतात. कितागावांच्याच सूत्रसंचालनाखाली २०१० पासून सेतोउची समुद्रातल्या बेटांवर दुसरा महोत्सव भरतो. त्या बेटांपैकी ओशिमा या बेटावर १९०९ पासून कुष्ठरोग्यांना आणून ठेवले जात असे. एकदा बेटावर गेलेला माणूस परत येत नसे. त्याचे नाव बदलले जाई, मूल होऊ दिले जात नसे, मेल्यावरही अस्थी घरी जात नसत. रोगावर औषध निघाले तरी कोंडून ठेवण्याचा कायदा १९९६ पर्यंत टिकला, आणि २००१ साली कुमामोतोच्या न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवून सरकारला दोषी धरले. या बेटावर कलावंतांनी सुंदर काही आणून ठेवले नाही. समुद्रकाठी टाकून दिलेले शवविच्छेदनाचे सिमेंटचे टेबल त्यांनी उचलून आणले आणि मोकळ्या आभाळाखाली ठेवले. बस्स. २०१९ मध्ये ताशिमा सेइझो यांनी एका रहिवाशाच्या बेटावरच्या सत्तर वर्षांची कथा एका जुन्या खोलीत मांडली. त्या रहिवाशाचे फक्त आद्याक्षर दिले आहे. त्या बेटावरच्या वाटाही पाहण्यासारख्या आहेत. दृष्टी गेलेल्या रहिवाशांना चालता यावे म्हणून वाटेवर पांढरे पट्टे आणि कठडे आहेत, जागोजागी ध्वनिक्षेपकातून सूर वाजत असतात, त्या सुरांवरून माणूस आपण कोठे आलो ते ओळखतो. पाहुणा त्याच वाटेने चालतो. येथे वाट पाहुण्यासाठी आखलेली नाही. ती ज्याच्या गरजेतून झाली त्याचीच आहे, आणि पाहुण्याला तिच्यावरून खाली मान घालून जावे लागते.

पनवेलहून नेऱ्याकडे निघाले की कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन लागते. धोदाणीची एस.टी. त्याच बाजूने जाते. व्याख्यानातल्या नकाशात हा पट्टा 'हिरवा आणि निवांत' असा दाखविला होता.

आता तोकामाचीकडे पुन्हा एकदा, कारण आपला संबंध तेथे फार जवळून येतो. या शहराच्या डोंगरात, एका बंद पडलेल्या शाळेत, १९८२ पासून मिथिला संग्रहालय आहे. मधुबनीच्या स्त्रिया, आपले वारली चित्रकार, मध्य प्रदेशातले गोंड चित्रकार येथे महिनोन्महिने राहून चित्रे काढीत आले आहेत. जिव्या सोमा मशेही येथे राहिले होते. भारताबाहेर या चित्रांना मन देऊन जपणारी जागा म्हणून तिचे नाव आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण याच ठिकाणी २००१ च्या जुलैत जनगढसिंग श्याम यांनी गळफास घेतला. पाटणगढचा हा परधान गोंड मुलगा. भोपाळच्या भारत भवनाच्या उभारणीच्या वेळी ज. स्वामिनाथन यांच्या माणसांना तो सापडला, आणि एका पिढीत त्याने गोंड चित्रकलेचे नवे घराणेच निर्माण केले. मरण आले तेव्हा चाळिशीच्या आतबाहेर होता. घरी लिहिलेल्या पत्रांतून परत येण्याची ओढ दिसत होती असे तेव्हा प्रसिद्ध झाले. देशातल्या अनेक चित्रकारांनी आणि लेखकांनी चौकशीची मागणी केली. त्या डोंगरात तेव्हा कला-पायवाटांचा पहिला महोत्सव होऊन जेमतेम वर्ष झाले होते. पाहुणे जे भूदृश्य पाहायला पैसे खर्चून येत होते, त्याच भूदृश्यात एक आदिवासी चित्रकार घराच्या आठवणीने झुरत होता. एकाचे 'निवांत' दुसऱ्याचे 'एकाकी' असते.

लाँग आणि जिव्या मशे यांची भेट या पार्श्वभूमीवर पाहावी. २००३ साली लाँग वारली मुलुखात आले, चालले, शेतात-माळावर मातीने, राखेने, दगडांनी वर्तुळे आणि रेघा मांडल्या. दोघांच्या कामाचे प्रदर्शन त्याच वर्षी जर्मनीतल्या ड्यूसेलडोर्फला झाले. समीक्षकांनी लिहिले की दोघांचेही मूळ वर्तुळ आणि रेघ हेच. आकाराच्या दृष्टीने ते खरे आहे. पण मशे यांचे वर्तुळ तारप्याभोवती हातात हात घालून नाचणाऱ्या माणसांचे आहे, त्यात माणसे मोजता येतात. लाँग यांच्या वर्तुळात माणूस एकच, आणि तोही छायाचित्र घेण्यापूर्वी निघून गेलेला. शिवाय ज्या जमिनीवर ही वर्तुळे मांडली तेथे १९४५ साली काय घडले? वेठबिगार आणि लग्नगड्याची गुलामी मोडण्यासाठी वारली उठले. ऑक्टोबरात तलवाड्याला त्यांच्यावर गोळीबार झाला, पाच माणसे मेली. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० पासून मराठीत आहे. लग्नगडी म्हणजे ज्याने लग्नासाठी कर्ज घेतले आणि जन्मभर सावकाराच्या शेतात राबून फेडले तो. आणि वारली चित्रांचे मूळ कोठले? लग्नाचाच चौक. सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढलेला, पालघट देवीचा. ज्या लग्नाने माणूस गुलाम होत होता त्याच लग्नाचे हे चित्र. कोणत्याही प्रदर्शनाच्या पुस्तिकेत हे दोन चौक मी एकत्र पाहिले नाहीत.

भास्कर कुलकर्णी यांनी सत्तरीच्या सुरुवातीला ही चित्रे कागदावर आणली, मशे यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय सन्मान आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. आज शहरांतल्या उड्डाणपुलांच्या खांबांवर, सरकारी कचेऱ्यांच्या कुंपणांवर, स्वच्छतागृहांच्या भिंतींवर वारली आकृती नाचताहेत. त्या कोणी काढल्या? रंगाऱ्याने, साच्याने. सही नाही. चौक काढणाऱ्या त्या बायांची सही तर कधीच नव्हती. हीही मोकळ्या आभाळाखालचीच कला, आणि आपण तिच्याखालून रोज जातो.

मग पनवेलला असे काही होऊच नये काय? माझे म्हणणे तसे नाही. या परिसरात भूदृश्य रोज घडते आहे आणि रोज मोडते आहे. १९७० मध्ये सिडको आले. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीसाठी लढताना पाच शेतकरी गोळीबारात पडले. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यासाठी दहा गावे उठली, उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला, उलव्याची टेकडी कापून सपाट केली गेली. वाघिवली वाड्याचे केरुमातेचे लेणे त्या हद्दीत गेले. ते वाचावे म्हणून बौद्ध कार्यकर्ते रस्त्यावर आले होते. लेणे ही या डोंगरांतली सर्वांत जुनी उघड्यावरची कला, आणि तिची वाट भिक्खूंच्या पायांनी पडलेली. चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहात अक्कादेवीच्या डोंगरावर जे पडले त्यांत नाग्या महादू कातकरी होता. जो आज जंगलात लाकूड तोडताना सापडला तर त्याच्यावर गुन्हा दाखल होतो, त्याच्याच जमातीचा हा हुतात्मा. माथेरानला माणसाने ओढायची रिक्षा ६ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने, सहा महिन्यांत थांबवायला सांगितली. स्वातंत्र्याची ७८ वर्षे होत आली तोवर थंड हवेच्या त्या सुंदर तांबड्या मातीच्या वाटेवर माणूस माणसाला ओढत होता, आणि वाटेच्या सौंदर्यावर पर्यटकांनी लिहिलेले लेख छापून येत होते.

व्याख्यानाच्या दुसऱ्या आठवड्यात मी वर्गात एक काम दिले. आपापल्या रोजच्या वाटेचा नकाशा काढून आणा, असे सांगितले. पुष्कळांनी रेल्वेफाटक, रिक्षाथांबा, महाविद्यालय असे काढून आणले. धोदाणीच्या मुलाने वहीचे जोडपान भरून डोंगर काढला होता. वाट पेन्सिलीने, आणि तिच्यावर सात ठिकाणी लहान चौकोन. मी विचारले, हे काय? तो म्हणाला, "विसाव्याचे दगड, सर. आई डोक्यावरचा भारा इथं इथं टेकवते. भाजीचा असला तर पाच पुरतात. लाकडाचा असला तर सातही." एका चौकोनाजवळ त्याने बारीक अक्षरांत 'पाणी' लिहिले होते, दुसऱ्याजवळ 'मे महिन्यात नाही'. वाट सनसेट पॉइंटपाशी वर निघत होती. पुढचे पान कोरे होते. "आणि वर?" मी विचारले. "वर ती बसते विकायला." मग थोडा थांबून म्हणाला, "तिथून सगळे खाली दरी बघतात. तिची पाठ असते तिकडं. तोंड गिऱ्हाइकाकडं ठेवावं लागतं ना, सर."